ऑक्सबो क्रिटिकल केअर: आजारी सशाला खातं करायला ही पावडर कितपत उपयोगी?

ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर म्हणजे वाळलेल्या टिमोथी गवताचा भुगा मुख्य धरून केलेलं, कोमट पाण्यात कालवून भरवायचं खाणं. शस्त्रक्रियेनंतर, दाढा घासल्यानंतर, पोट मंदावल्यामुळे किंवा दुसऱ्या कुठल्या आजारात सशाने खाणं सोडलं की डॉक्टर बहुतेक वेळा हीच पावडर सुचवतात. पावडर चांगली आहे. पण तिच्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे ठाऊक नसेल तर ती वाया जाते, कधी कधी अपायही करते. म्हणून इथे पिशवीइतकंच सिरिंजबद्दल, पाण्याबद्दल आणि भरवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिलं आहे.

सशाचं आतडं सतत काहीतरी पुढे ढकलत राहील अशा बेताचं असतं. तंतुमय खाणं येत राहिलं तर ते चालू राहतं. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, पोटातला ऐवज कोरडा पडतो, वायू साठतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. हे चक्र काही तासांत बसतं. उपाशीपोटी शरीर साठवलेली चरबी झपाट्याने वापरायला लागतं आणि तिचा भार यकृतावर येतो. लठ्ठ सशांना हा धोका जास्त, त्यामुळे ‘याच्या अंगात भरपूर साठा आहे, एक दिवस नाही खाल्लं तर चालेल’ हा हिशेब नेमका उलटा पडतो. आठ ते बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर डॉक्टर गाठायचा. पावडरची पिशवी त्यानंतर.

पिशवी उघडण्याआधी

या पावडरवरचे वाईट अभिप्राय वाचले तर बहुतेकांचं मूळ एकच दिसतं: ज्या सशाला त्या वेळी भरवायलाच नको होतं, त्याला भरवलं गेलं.

आतड्यात केसांचा घट्ट गोळा किंवा दुसरं काही अडकलं असेल तर वरून खाणं ढकलणं घातक ठरतं. सशाला उलटी करता येत नाही. आत गेलेलं मागे फिरायचा रस्ताच नाही. अडथळा असलेला ससा बहुधा अचानक बसतो. सकाळपर्यंत ठणठणीत असतो आणि दोन-तीन तासांत मलूल होतो. पोट फुगून ताणलेलं लागतं, अंग गार पडायला लागतं. निव्वळ मंदावलेल्या पोटाची सुरुवात सावकाश होते: आधी लेंड्या बारीक होतात, मग कमी होतात, मग थांबतात. पण हा फरक घरच्या घरी हाताने चाचपून ठरवायचा नसतो. डॉक्टर एक्स-रे काढतात, रक्तातली साखर बघतात. साखर ३६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलेली असेल तर अडथळ्याची शंका बळावते. ही साखरेची तपासणी थेंबभर रक्तात होते, म्हणून ती करून घ्यायचा आग्रह धरावा.

दुसरी गोष्ट अंगाची ऊब. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. ते ३८ च्या खाली उतरलं असेल तर आतडं काम करण्याच्या स्थितीत नसतं. कान हाताला गार लागत असतील, ससा गोळा होऊन हलत नसेल, तर आधी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवायची, डॉक्टरांना फोन करायचा, आणि अंगात ऊब आल्यावरच खाण्याचं बघायचं. पिशवी एका बाजूलाच ठेवावी, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येतं.

तिसरी गोष्ट वेदना. दुखणाऱ्या सशाला कितीही चवदार खाणं दिलं तरी तो तोंड फिरवतो. मेलोक्सिकॅम किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेदनाशामक डॉक्टरांनी दिलं असेल तर त्याचा असर सुरू झाल्यावर भरवायला घ्यावं. बऱ्याच घरांत हा क्रम उलटा होतो. भुकेचं म्हणून आधी पावडर देतात, ससा झटापट करतो, आणि मग औषध देताना तो हातालाही लागत नाही.

माणसांची उरलेली औषधं वापरायची नाहीतच. पेनिसिलिन गटातली औषधं, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि त्यात ससा दगावू शकतो.

जो ससा कुशीवर पडून आहे, गिळत नाही, किंवा तोंड उघडून श्वास घेतो आहे, त्याला घरी सिरिंज लावू नये. ससा नाकानेच श्वास घेणारा प्राणी. तोंडाने श्वास घ्यायची वेळ आली असेल तर ती थेट दवाखान्यात न्यायची अवस्था आहे.

पावडर कशी आहे

वेष्टनावरच्या माहितीप्रमाणे तंतू २१ ते २६ टक्के, प्रथिनं किमान १६ टक्के, स्निग्धांश किमान ३ टक्के. सशाच्या दृष्टीने यातला तंतूंचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण आतडं चालतं ते त्यावर. बाळांच्या खाण्याच्या बाटल्या, भोपळ्याचा गर, फळांचा रस हे सगळं गिळायला सोपं असतं, पण त्यात आतड्याला ढकलायला काही नसतं. पावडरमध्ये क जीवनसत्त्वही घातलेलं आहे. ते गिनीपिगसाठी, कारण त्यांचं शरीर ते बनवू शकत नाही. ससा स्वतः बनवतो, त्यामुळे त्याला त्याने फायदाही नाही आणि तोटाही नाही.

चवी दोन: बडीशेपेच्या जातीचा वास असलेली अ‍ॅनिस, आणि सफरचंद-केळ्याची. दोन्हींचं दळण जाडसर आहे. ‘फाइन ग्राइंड’ नावाची बारीक दळलेली आवृत्ती वेगळी मिळते, तिला पपईची चव असते. निवड करायची तर चवीपेक्षा दळणाकडे बघावं. ससा ताटलीतून स्वतः चाटून खाणार असेल तर जाडसर दळण उत्तम, त्यातले लांब तंतू आतड्याला जास्त कामाचे. सिरिंजशिवाय गत्यंतर नसेल तर फाइन ग्राइंड घ्यावी. चवीत आमचा कल अ‍ॅनिसकडे आहे. ससे तिचा वास लांबून ओळखतात, आणि फळाच्या चवीपेक्षा ती गवताकडे परत यायला कमी आड येते. अर्थात प्रत्येक सशाची आवड वेगळी. एका चवीला ठाम नकार मिळाला तर दुसरी आणून बघायला हरकत नाही.

कालवताना

प्रमाण एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी. वजनाने नाही, मापाने. एक सपाट मोठा चमचा पावडर आणि दोन मोठे चमचे पाणी यांचं मिळून ३० मिलिलिटरहून थोडं जास्त मिश्रण होतं. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला टाकलं तर ना गरम ना गार लागावं. उकळतं पाणी ओतून मग निववत बसू नये, त्यात जीवनसत्त्वं जातात.

पावडर पाण्यात टाकायची आणि ढवळायची. सुरुवातीला मिश्रण फारच पातळ वाटतं आणि हात आपसूक पिशवीकडे जातो. तिथे थांबावं. एक ते दोन मिनिटांत तंतू पाणी पितात आणि फुगतात, मिश्रण आपोआप दाटतं. चमचा तिरका केल्यावर ते सावकाश घसरावं, पाण्यासारखं धावू नये. थांबायच्या आधीच जास्तीची पावडर घातली तर सिरिंजमध्ये भरेपर्यंत ते बरोबर असतं आणि निम्मी सिरिंज रिकामी होईपर्यंत दगड होतं. भरवणं लांबलं तर वाटीत मध्येच अर्धा चमचा कोमट पाणी घालून पुन्हा ढवळावं.

सिरिंज अडते म्हणून एकाला तीन पाणी घालायचं, हा सर्रास केला जाणारा उपाय. तो चुकीचा नाही, पण त्याची किंमत समजून घ्यावी: तेवढ्याच मिलिलिटरमध्ये खाणं सुमारे पाव हिश्शाने कमी जातं. मग फेऱ्या वाढवाव्या लागतात. गाळणीतून गाळून घेणं मात्र टाळावं. गाळणीवर जे राहतं तेच तर हवं असतं.

कालवलेलं उरलं तर फ्रिजमध्ये झाकून ठेवता येतं, २४ तासांच्या आत संपवायचं. काढल्यावर वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावी. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर मध्ये चटका बसेल इतकं गरम आणि कडेला गार राहतं. एका वेळेपुरतंच कालवणं सगळ्यात बरं.

सिरिंज: इथेच सगळं बिघडतं

पिशवीत सिरिंज येत नाही, आणि घरात पडलेली औषधाची सिरिंज लोक वापरतात. जाडसर दळण तिच्या बारीक नळीत अडकतं. कारण साधं आहे: नळी जिथे निमुळती होते तिथे लांब तंतू आडवे पडतात, मागून येणारा लगदा त्यावर दाबला जातो, पाणी गळून जातं आणि बोळा बसतो. मग अंगठ्याने जोर लावला जातो. बोळा सुटतो तेव्हा तीन-चार मिलिलिटर एकदम तोंडात जातं, आणि ते श्वासनलिकेत शिरण्याची भीती तिथेच असते. फुप्फुसात गेलेल्या अन्नाने न्युमोनिया होतो. सिरिंज अडली की ती तोंडातून बाहेर काढायची, वाटीत दाबून मोकळी करायची, मगच परत लावायची. तोंडात असताना जोर लावायचा नाही.

जाडसर दळणासाठी दोन मार्ग आहेत. एक, लांब जाड तोंडाची सिरिंज, जी नळीने भरवण्यासाठी बनवलेली असते. दुसरा, १ मिलिलिटरची सिरिंज घेऊन तिचं निमुळतं टोक कापून टाकायचं, म्हणजे ती पुढून सरळ नळकांडं होते. कापलेली कड नखं घासायच्या कानशीने गुळगुळीत होईपर्यंत घासावी आणि स्वतःच्या ओठांच्या आतून फिरवून बघावी. टोचत असेल तर सशाच्या हिरडीलाही टोचेल. १ मिलिलिटरच्या सिरिंजने वेळ जास्त लागतो खरा, पण एकदम जास्त जायचा प्रश्नच मिटतो. पहिल्यांदा भरवणाऱ्यांनी याच सिरिंजा वापराव्यात: चार-पाच सिरिंजा भरून ओळीने ठेवायच्या, एक संपली की दुसरी.

रबरी दट्ट्याच्या सिरिंजा काही वेळा धुतल्या की आतलं वंगण जातं आणि दट्ट्या अडखळत, झटक्याने पुढे जातो. असा झटका बसायला लागला की ती सिरिंज फेकून द्यावी. गोल सिलिकॉन रिंग असलेल्या सिरिंजा जास्त टिकतात आणि हात सावकाश चालतो. भरल्यावर सिरिंज उभी धरून टिचकी मारायची आणि हवेचे बुडबुडे काढून टाकायचे.

भरवायचं कसं

ससा चारही पायांवर, न घसरणाऱ्या जागी. टॉवेल पसरून त्यावर ठेवायचा, दोन्ही बाजू अंगाभोवती घट्ट पण छाती आवळणार नाही अशा गुंडाळायच्या, पुढचे पाय आत. मागचा भाग आपल्या अंगाला टेकवला तर त्याला मागे सरकता येत नाही. उताणं कधीच करायचं नाही. डोकं नेहमीच्या पातळीवर. हनुवटी वर करून मान मागे ढकलली तर गिळणं अवघड आणि ठसका सोपा.

सशाच्या पटाशीच्या दातांमागे आणि दाढांच्या पुढे एक मोकळी जागा असते. सिरिंज तोंडाच्या बाजूने त्या जागेत घालायची, टोक समोरच्या गालाच्या दिशेने, जिभेच्या आडवं. घशाच्या दिशेने सरळ कधीही नाही. अर्धा मिलिलिटर, फार तर एक, सोडायचा आणि थांबायचं. जबडा हलायला लागतो, मग घशाची हालचाल दिसते. ती दिसल्यावरच पुढचा घास. जबडा हललाच नाही तर घास तोंडातच आहे. वरून आणखी घालायचं नाही. सिरिंजचं टोक आत ठेवूनच हलकेच मागेपुढे केलं की बरेच ससे चावायला लागतात.

नाकपुडीत हिरवट काही दिसलं, खोकला किंवा शिंक आली, की लगेच थांबायचं, डोकं खाली झुकू द्यायचं, नाक पुसायचं. त्यानंतर श्वास घरघरायला लागला किंवा वेग वाढलेला राहिला तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं.

भरवून झालं की हनुवटी आणि मान ओल्या कोमट कापडाने पुसायची. हे मिश्रण वाळलं की सिमेंटसारखं कडक होतं, केसांना धरून बसतं आणि खालची कातडी लाल पडते. हा या पावडरचा खरा त्रास आहे आणि त्याबद्दल वेष्टनावर पुरेसं सांगितलेलं नाही.

किती द्यायचं, आणि पाण्याचं काय

सशाच्या दर किलो वजनामागे एका वेळी १० ते १५ मिलिलिटर, दिवसातून चार ते सहा वेळा, असा साधारण बेत असतो. दिवसभराचं मिळून किलोमागे ५० ते ८० मिलिलिटर. दोन किलोच्या सशाला म्हणजे दिवसाला १०० ते १६० मिलिलिटर, एका वेळी २० ते ३०. पहिल्या एक-दोन वेळा याच्या निम्मंच द्यावं. बराच वेळ रिकाम्या राहिलेल्या पोटात एकदम पूर्ण माप ढकललं तर ते फुगतं. नेमका आकडा तपासून डॉक्टर देतील तोच खरा, कारण यकृत किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हिशेब बदलतो.

रात्रीची खेप लोक गाळतात. रात्री अकराला एकदा आणि सकाळी सहाला एकदा असं ठेवलं तर मधलं अंतर सात तासांच्या पलीकडे जात नाही. तेवढं जमवावंच.

आता पाणी. या मिश्रणात पाण्याचा वाटा साधारण दोन तृतीयांश. वरच्या कमाल मापाने भरवलं तरी किलोमागे पन्नास-पंचावन्न मिलिलिटर पाणी पोटात जातं. सशाची रोजची गरज किलोमागे सुमारे १०० मिलिलिटर, म्हणजे पावडरमधून निम्मीच भागते. हा हिशेब न केल्यामुळे ‘नियमित भरवतोय तरी लेंड्या येत नाहीत’ असं होतं: तंतू आत गेले, पण ते भिजत ठेवायला पाणी नाही, आणि आतला ऐवज आणखी घट्ट झाला. म्हणून पाण्याचं भांडं जवळ हवं, उथळ आणि जड. आजारी ससा नळीच्या बाटलीतून पुरेसं पीत नाही. पालेभाजी धुऊन निथळू न देता ओलीच द्यावी. डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन द्यायला सुचवलं तर नको म्हणू नये. पाणी कमी पडलेल्या सशात त्याने पडणारा फरक पावडरपेक्षा लवकर दिसतो.

सिरिंजच्या आधी ताटली

या पावडरचा सगळ्यात चांगला उपयोग सिरिंजशिवाय होतो, आणि तोच सगळ्यात कमी करून पाहिला जातो. ससा धरला की घाबरतो, घाबरला की आतडं आणखी मंदावतं. म्हणून प्रत्येक खेपेला आधी ताटली पुढे करायची.

एकास दीड पाण्यात जरा घट्ट कालवून चमचाभर मिश्रण उथळ बशीत पसरायचं आणि सशाच्या नाकाशी न्यायचं. तोंड फिरवलं तर बोटभर ओठाला लावायचं. तो ते चाटतो, आणि चव कळली की कधी कधी बशीकडे वळतो. पुढच्या पंजावर ठिपका लावला तर स्वच्छतेच्या सवयीने चाटून काढतो. कोथिंबिरीच्या किंवा पुदिन्याच्या पानाला पुसून दिलं तर पानाबरोबर जातं. पेलेट (सशांसाठीच्या तयार खाण्याच्या कोरड्या गोळ्या) खाणारा ससा असेल तर त्याच्या ओळखीचे चार-पाच पेलेट भिजवून वर ठेवावेत.

नुसत्या पाल्यानेही सुरुवात होते. वासाचा पाला आधी: कोथिंबीर, पुदिना, बेसिल, शेपू. पान सपाट ठेवून देण्यापेक्षा देठ हातात धरून ओठांच्या कडेला हलवत राहावं. न खाणारा ससाही त्रासून एकदा चावतो, आणि बहुतेक वेळा चावलेलं चघळतो. गवताचं ताजं पातं असंच धरता येतं. वाळलेलं गवत रोज नवं घालावं, जुन्यावर थर देऊ नये. हाताने चोळून मोकळं केलं की वास उठतो. टिमोथी नाकारणारा ससा कधी ऑर्चर्ड गवत पटकन खातो, कारण ते मऊ असतं आणि दाढ दुखत असली तरी चावता येतं. बसायच्या जागेजवळ, शिवाय मलपेटीच्या कडेला, अशा दोन-तीन ठिकाणी गवत ठेवलं की उठायचे कष्ट वाचतात.

जोडीचा ससा असेल तर त्याला बाजूला काढू नये, संसर्गाचा आजार असल्याशिवाय. शेजारी कुणी खात असलेलं पाहून खाणारे ससे खूप असतात. लेंड्या कुणाच्या हे कळायला हवं असेल तर मध्ये जाळी लावावी. वास आणि सोबत दोन्ही राहतात.

गोडाचा मोह आवरावा. केळ्याचा नखाएवढा तुकडा औषध घ्यायला लावण्यापुरता ठीक. फळं, रस, बिस्किटं यांची साखर आतड्यात नको त्या जंतूंना मिळते आणि वायू वाढतो. अननसाच्या रसाने पोटातले केस विरघळतात हा समज जुना आहे. केस त्याने विरघळत नाहीत, साखर मात्र जाते. वायूसाठी सिमेथिकोन देतात, ते अपाय करत नाही, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

सुधारणा ओळखणं आणि पावडर सोडवणं

रोज एकाच वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावं. सशाने खाल्लं की नाही याबद्दल डोळ्यांचा अंदाज फसतो, काटा फसत नाही. लेंड्या मोजायला मलपेटीत साधा पांढरा कागद अंथरावा. पहिल्या लेंड्या बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या, केसांत ओवलेल्या येतात. त्या पाहून घाबरू नये, आतडं चालू झाल्याची ती खूण आहे. हळूहळू त्या गोल, फिकट आणि मोठ्या व्हायला लागतात, फोडल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या वेगळ्या. त्या ससा थेट खातो, त्यातून त्याला ब जीवनसत्त्वं मिळतात. टॉवेलवर त्या पडलेल्या दिसल्या तर पुसून टाकण्याआधी त्याच्या तोंडाशी न्याव्यात.

लेंड्या नीट व्हायला लागल्या आणि ससा गवत स्वतः खायला लागला की आधी दिवसाची एक खेप कमी करायची, मग दुसरी. वजन दोन दिवस टिकलं तर पुढे. एकदम बंद केली तर पुन्हा मंदावण्याचा धोका असतो. उलट बाजूही आहे: अ‍ॅनिसची गोडी लागलेले काही ससे गवत सोडून पावडरची वाट बघतात. त्यांना ती वाटीत न देता कोरडीच गवतावर भुरभुरावी.

पावडर चाटतो, पाला खातो, पण दोन-तीन दिवस झाले तरी गवताला तोंड लावत नाही, चघळताना घास एका बाजूने सांडतो, हनुवटी ओली राहते, अशा वेळी दाढा पुन्हा तपासून घ्याव्यात. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि झिजतात ते गवत चघळून. पावडर चघळावी लागत नाही. आठवडेच्या आठवडे पावडरवर ठेवलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात आणि मूळ दुखणं बरं झालं तरी नवं सुरू होतं.

दुसरे पर्याय

लाफेबर कंपनीचं एमरेड हर्बिव्होर बारीक नळीतून वाहील असं बनवलेलं आहे. नाकातून नळी घातलेल्या, दवाखान्यात ठेवलेल्या सशांसाठी ते सोयीचं. घरी ताटलीतून चाटणाऱ्या सशासाठी त्याची गरज नाही. सुप्रीमचं सायन्स रिकव्हरी २० ग्रॅमच्या पुड्यांत येतं. एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं लागत असेल तर मोठी पिशवी उघडून पडून राहण्यापेक्षा हे बरं.

रात्री काहीच हाताशी नसेल तर सशाचे नेहमीचे साधे पेलेट दळून, एकाला दोन ते तीन भाग कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून तात्पुरतं देता येतं. दाणे, सुकामेवा मिसळलेले नकोत. भिजवलेल्या पेलेटमध्ये तंतू कमी पडतात आणि सिरिंज जास्त अडते, म्हणून सकाळपर्यंतची सोय एवढंच त्याचं काम. दूध, ब्रेड, भात, नाश्त्याची धान्यं यातलं काही सशाच्या पोटात जाऊ नये.

क्रिटिकल केअर १४१ ग्रॅम आणि ४५४ ग्रॅमच्या पिशव्यांत मिळते. पूर्ण मापाने भरवायची झाली तर दोन किलोच्या सशाला लहान पिशवी तीन-चार दिवस पुरते. एक-दोन ससे असलेल्या घराने लहान पिशवी आधीच आणून ठेवावी, सोबत टोक कापून घासलेल्या सहा सिरिंजा आणि ग्रॅमचा काटा. ससे दुखणं दाखवतात ते बहुधा रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. मोठी पिशवी अनेक ससे सांभाळणाऱ्यांनी किंवा दाढांचा कायमचा त्रास असलेल्या सशासाठीच घ्यावी. उघडलेली पिशवी हवा काढून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि वर उघडल्याची तारीख लिहायची. वास खवट किंवा कुबट आला, गुठळ्या दिसल्या, तर मुदत उरलेली असली तरी ती सशाला देऊ नये.